रिकाम्यावर अडकलेला काटा

माझ्या वॉटर स्कूटरचा पेट्रोलचा काटा दोन हंगाम रिकाम्याच्या खुणेवर पडून होता आणि मी त्याच्याशिवाय भागवत होतो. नव्वदच्या दशकातलं, दोन माणसांचं, टू-स्ट्रोक मशीन. एवढ्या जुन्या यंत्राचा काटा चालत नसला तर कुणाला नवल वाटत नाही. टाकी भरून निघायचं, घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, इंजिन अडखळलं की कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि काठाकडे वळायचं. मोटरसायकल चालवून ही पद्धत हाताला लागलेली होती, म्हणून तीत काही चुकीचं वाटत नव्हतं.

ती एके दिवशी फसली. आदल्या खेपेला परत येताना कॉक रिझर्व्हवर घेतला होता आणि नंतर टाकी भरली तरी तो तसाच राहिला. काठापासून बरंच लांब असताना इंजिन अडखळलं, हात कॉककडे गेला, तर कॉक आधीच रिझर्व्हवर. मागे भाचा बसला होता. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता, त्यामुळे आम्ही मिनिटामिनिटाला आणखी दूर सरकत होतो. दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट होती, पाणी शांत होतं, पाऊण तासाने एका होडीने दोर टाकून हळूहळू ओढत आणलं. (हळूहळूच ओढावं लागतं. वेगाने ओढलं तर बंद इंजिनच्या थंड करण्याच्या नळ्यांतून पाणी आत शिरू शकतं.) भाचा घाबरला नव्हता, पण काठावर उतरल्यावर म्हणाला, "मामा, काटा चालू असता तर आपण आधीच वळलो असतो ना?"

उत्तर द्यायला काही नव्हतं. त्याच रात्री ठरवलं, काटा दुरुस्त झाल्याशिवाय मशीन पाण्यात उतरवायचं नाही.

दुसरी काळजी इंजिनची होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल संपत येतं तेव्हा काही क्षण मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं. अशा पातळ मिश्रणावर पिस्टन तापतो, आणि भर वेगात हे झालं तर सिलिंडर ओरखडून पिस्टन जॅम होतो. रिझर्व्हचा कॉक म्हणजे इंजिन अडखळेपर्यंत वाट बघण्याचीच व्यवस्था. माझं नशीब चांगलं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं तर दोन्ही सिलिंडर ठीक होते. तरी दर खेपेला इंजिनला हा धक्का देत राहणं बरोबर नाही, हे त्या दिवशी कळलं.

दुरुस्तीची सुरुवात मी चुकीच्या टोकाने केली. काटा हलत नाही म्हणजे मीटर गेला, असं धरून चाललो आणि त्याच मापाचा दुसरा मीटर आणून बसवला. काटा हलला! अर्ध्याच्या जरा वर जाऊन थांबला. मी खूश झालो. मग टाकीत टॉर्च मारली तर तळाशी जेमतेम दोन बोटं पेट्रोल.

याचं कारण समजून घ्यायला दोन दिवस लागले, पण ते समजल्यावर पुढचं सगळं सोपं झालं. टाकीत पेट्रोलची पातळी ओळखणारा भाग असतो, त्याला सेंडर म्हणतात. तो काट्याशी रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या, ओहमच्या भाषेत बोलतो, आणि या भाषा वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी पद्धतीच्या होड्यांमध्ये रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम. युरोपी पद्धतीत उलटं, रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. माझ्या मशीनची तिसरीच तऱ्हा: भरलेली असताना शून्य, रिकामी असताना ९० च्या आसपास. मी आणलेला मीटर होता २४०-३३ वाला. सेंडरकडून ९० ओहम आले की त्याच्या हिशेबाने टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली. म्हणजे टाकी कोरडी पडली तरी तो काटा अर्ध्याखाली कधी उतरलाच नसता. बंद काट्यावर निदान कुणी विश्वास तरी ठेवत नाही. तो मीटर मी लगेच उतरवला.

(पुढे जेव्हा ही मोजमापं हाताशी आली तेव्हा एक गोष्ट खटकली. त्या दिवशी सेंडर खरोखर ९० ओहम देत असेल, तर माझा मूळ काटा कशामुळे पडून होता? त्या दिवशी टाकी रिकामी होती म्हणून. आधीचे दोन हंगाम टाकी भरली तरी तो का पडून होता, ते सेंडर बाहेर काढल्यावर लक्षात आलं. त्या वेळी सेंडर जिवंत होता. तो नंतर मेला, त्याची गोष्ट खाली येते.)

मूळ मीटर परत बसवला आणि या वेळी टाकीला हात लावण्याआधी बाहेरून आत जायचं ठरवलं. आधी सीट काढून मशीन तासभर उघड्या हवेत ठेवलं. ही गोष्ट कितीही घाई असली तरी टाळू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, मशीनच्या पोटात तळाशी साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली की ठिणगी पुरते. तसंच पेट्रोलला वाफ धरायला उन्हाची गरज नसते, शून्याखाली चाळीस अंशांवरही पेटण्याइतकी वाफ सुटते. म्हणून आधी वास गेला का बघायचं, मग हत्यारं काढायची.

सेंडरचा कनेक्टर टाकीपासून हातभर अंतरावर होता. तो सोडवला आणि मीटरच्या बाजूच्या दोन टोकांना वायरचा छोटा तुकडा जोडला. माझ्या मशीनमध्ये शून्य ओहम म्हणजे भरलेली टाकी, तेव्हा टोकं जोडल्यावर काटा पूर्ण वर जायला हवा. भाचा हँडलपाशी उभा होता.

"मामा, हलला! पार वर गेला!"

तुकडा काढला, काटा खाली. मग ४७ ओहमचा रेझिस्टर लावला, काटा मधोमध. म्हणजे मीटर ठणठणीत होता, मीटरपासून कनेक्टरपर्यंतची वायरही त्या घटकेला ठीक होती. पाच मिनिटांची ही तपासणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर दुसरा मीटर आणायची वेळच आली नसती. फक्त ज्या मशीनमध्ये भाषा उलटी आहे तिथे टोकं जोडल्यावर काटा खाली जाईल, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता मल्टिमीटर, म्हणजे ओहम मोजायचं उपकरण, सेंडरच्या बाजूला लावला. टाकीत मी मधल्या काळात बरंच पेट्रोल भरलं होतं. आकडा आलाच नाही. तुटलेलं सर्किट. आणि दोनच दिवसांपूर्वी हाच सेंडर ९० ओहम देत होता.

मध्ये काय घडलं होतं? मीटर काढताना-घालताना मी हँडलखालची वायरिंग ओढली होती. बॅटरीची वायर सोडवून, टॉर्च घेऊन, वायरिंगचा जुडगा बोटाबोटाने तपासला. जिथे हँडल वळताना वायरी दरवेळी वाकतात त्या जागी बाहेरची नळी घासून फाटली होती. आत दोन वायरींचं वेष्टण सोललं होतं, उघडं तांबं हिरवं पडलं होतं. एक वायर चालू बारा व्होल्टची, दुसरी सेंडरची. हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं की दोन्ही एकमेकींना चिकटत होत्या. दुसरा मीटर बसवल्यावर टाकी भरली, मशीन ट्रॉलीवर नीट लावायला किल्ली चालू असतानाच हँडल वळवलं, आणि भरलेल्या टाकीत शून्य ओहमवर असलेल्या सेंडरला बॅटरीचे सगळे बारा व्होल्ट मिळाले.

या क्षणासाठी सेंडरच्या आत एक चिमुकला फ्यूज बसवलेला असतो, निदान माझ्यात होता. तो गेला.

टाकीवरचा मोठा प्लॅस्टिकचा नट सोडवणं हे या कामातलं सगळ्यात कष्टाचं काम होतं. तीस वर्षांत तो जागचा हलला नव्हता. पाना आणि हातोडी वापरली असती तर प्लॅस्टिकचे कंगोरे तुटले असते. शेवटी नटाभोवती चामड्याचा जुना पट्टा आवळून, त्याच्या टोकाला लाकडाचा दांडा अडकवून, झटके न देता जोर लावत राहिलो. अर्ध्या तासाने करकर आवाज येऊन नट फिरला. त्याआधी पेट्रोल हाताच्या पंपाने मंजूर कॅनमध्ये काढून घेतलं होतं आणि सगळ्या नळ्यांवर चिकटपट्टीने नावं लिहिली होती. नळ्या काढताना लक्षात आलं की आतून त्यांना हिरवट चिकट गोंद धरलाय. त्या काळातल्या करड्या नळ्या पेट्रोलने अशा आतून विरघळतात आणि तो गोंद कार्ब्युरेटरच्या जाळीत जाऊन बसतो. सगळ्या बदलून टाकल्या. हे काम काट्याचं नव्हतं, पण बघितल्यावर सोडवेना.

सेंडर बाहेर आला. जवळून बघितल्यावर त्याची रचना आवडली. हातभर लांबीची पातळ उभी नळी, तिच्यावर पेट्रोलच्या पातळीबरोबर तरंगत वरखाली सरकणारा बांगडीसारखा फ्लोट, फ्लोटमध्ये चुंबक. नळीच्या आत अरुंद पट्टी, तिच्यावर ओळीने रेझिस्टर आणि प्रत्येकाशेजारी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी. या कुप्या म्हणजे रीड स्विच. काचेत दोन पातळ लोखंडी पट्ट्या, त्यांच्यात केसाएवढी फट. चुंबक जवळ आलं की पट्ट्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात. १९३६ मध्ये वॉल्टर एलवूड यांनी बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हा स्विच तयार केला. हवाबंद काचेमुळे त्याला गंज लागत नाही आणि त्याची ठिणगी बाहेर येत नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीत तो शोभतो. फ्लोट खाली उतरतो तसतसा एकेक स्विच जुळतो आणि वाटेत एकेक रेझिस्टर वाढत जातो. शून्य, मग १८, २८, ३८ असं दहादहाने वाढत ९० पर्यंत. (सगळीकडे अशीच रचना असते असं नाही. काही यंत्रांत फ्लोट लांब दांडीवर असतो आणि दांडीचं टोक रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरतं. तिथे बिघाड बहुतेक त्या पट्टीवर झिजलेल्या वाटेत सापडतो.)

पट्टी बाहेर काढण्याआधी सेंडर पूर्ण एक दिवस सावलीत, उघड्यावर, घरापासून लांब सुकवला. सोल्डरिंगची गरम सळई हातात घेण्याआधी त्याला नाक लावलं, वास उरला नव्हता. फ्लोट काढताना त्याच्या वरच्या बाजूला खूण केली, कारण चुंबक अगदी मधोमध असेलच असं नाही आणि फ्लोट उलटा बसला तर सगळे आकडे सरकतात. नळीवर जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा तपकिरी थर होता, फ्लोट त्यात अडकत होता. दोन हंगाम काटा रिकाम्यावर पडून होता तो बहुधा यामुळेच. तो मऊ फडक्याने आणि रॉकेलने काढला. कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे मारायचा मोह झाला होता, पण तो प्लॅस्टिकचा फ्लोट खाऊन टाकू शकतो.

पट्टीच्या वरच्या टोकाला फ्यूज सापडला, मल्टिमीटरवर तुटलेला.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. या फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा लावून मोकळं होणारे बरेच जण आहेत. मला एका जुन्या, अनुभवी मेकॅनिककाकांनीही हेच सुचवलं. "वायर मार आणि दे बसवून, पुन्हा जळायचा प्रश्नच नाही." काकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्याकडून मी खूप शिकलो. पण मी ऐकलं नाही. माझ्या हँडलखाली बारा व्होल्टची वायर सेंडरच्या वायरीला चिकटली होती. त्या वेळी फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा असता तर भरलेल्या टाकीत वाटेत अडवणारं काहीच नव्हतं. एक रेझिस्टर वाटेत असता तरी १८ ओहमच्या त्या दाण्याएवढ्या भागात आठ वॉटची उष्णता झाली असती, आणि तो पेट्रोलच्या टाकीत उभा आहे. फ्यूजने मरून आम्हाला वाचवलं. मी काकांना फाटलेली वायरिंग दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. त्याच मापाचा शोध." त्याच्यावर छापलेल्या मापाचाच फ्यूज शोधून आणला.

फ्यूज सोल्डर केला, मल्टिमीटर लावला, आणि भाच्याला फ्लोट हळूहळू वरून खाली सरकवायला सांगितलं. तो आकडे मोठ्याने वाचत होता.

"शून्य... अठरा... अठ्ठावीस... अडतीस... नव्वद?"

"थांब. अजून जरा खाली."

"आता अठ्ठावन्न."

पुन्हा वर नेला, पुन्हा तसंच. ४८ ची पायरी नव्हतीच. बरोबर मधला स्विच मेला होता. तिथे चुंबक कोणालाच जुळवत नव्हतं, म्हणून प्रवाह सगळे रेझिस्टर पार करून ९० दाखवत होता. मशीनमध्ये याचा परिणाम काय झाला असता बघा: टाकी अर्धी झाल्यावर काटा अचानक रिकाम्यावर पडला असता आणि थोड्या वेळाने आपोआप वर आला असता. असा काटा माणसाला वेड लावतो. आणि मग आठवलं, काटा पूर्ण बंद पडायच्या आधीच्या हंगामात तो कधीकधी असाच खाली जाऊन वर यायचा. मी त्याला लाटांचा दोष समजत होतो.

रीड स्विच बदलणं हे नाजूक काम. त्याची लोखंडी टोकं वाकवताना जोर काचेवर आला तर काच तडकते, आणि ती तडक डोळ्यांना दिसतही नाही. चिमट्याने टोक काचेच्या जवळ घट्ट धरायचं आणि चिमट्याच्या पलीकडचा भाग वाकवायचा. सोल्डर करतानाही चिमटा तिथेच ठेवायचा, म्हणजे उष्णता काचेकडे जायच्या आधी चिमट्यात जाते. पहिला स्विच मी तडकवला. दुसरा नीट बसला. या वेळी भाचा "अठ्ठेचाळीस!" असं ओरडला तेव्हा मलाही राहवलं नाही, मीही त्याच्याबरोबर ओरडलो.

मग फाटलेली वायरिंग. दोन्ही वायरींचे हिरवे पडलेले भाग कापून कल्हई केलेल्या तांब्याचे नवे तुकडे जोडले, गरम केल्यावर आवळणाऱ्या, आतून चिकटणाऱ्या श्रिंक ट्यूब चढवल्या, आणि हँडलच्या दोन्ही टोकांपर्यंत वळवून जुडगा कुठेच ताणला जात नाही ना, हे बघून नवी नळी बांधली. कनेक्टरमध्ये ओल आत येऊ न देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं.

सेंडर टाकीत परत बसवायला गेलो तर रबरी सील बसेना. तोच सील, तीच खाच, पण सील मोठा झालेला. जबरदस्तीने बसवला तर एका बाजूला लाट येऊन वर उचलत होता. रबर वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन फुगतं, आणि बाहेर काढल्यावर दोन दिवस हवेत ठेवलं की आक्रसून मूळ मापाला येतं. माझा मात्र आक्रसल्यावर कडेला भेगाळलेला दिसला, म्हणून नवाच घातला. नट हाताने घट्ट करून वर थोडासाच आवळला. टाकीला हलका दाब देऊन सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका नव्या नळीच्या क्लॅम्पपाशी बुडबुडे आले, तो बदलला.

शेवटचं काम मला सगळ्यात आवडलं. पूर्ण रिकाम्या टाकीत थोडं थोडं पेट्रोल मोजून ओतायचं आणि काटा कुठे आहे ते लिहायचं. टाकी २५ लिटरच्या आसपासची. पहिल्या अडीच लिटरला काटा हललाच नाही, कारण फ्लोट त्याखाली जाऊच शकत नाही. मशीनचा तळ निमुळता, म्हणून टाकीही खाली अरुंद. खालच्या पायऱ्या दोन-दोन लिटरच्या निघाल्या, वरच्या साडेतीनच्या. म्हणजे काटा अर्ध्यावर असतो तेव्हा टाकीत अर्ध्यापेक्षा जवळजवळ दोन लिटर कमी असतं, आणि पाववर आला की साडेसहा लिटर उरलेलं असतं. काटा नवा असता तरी हे त्याने सांगितलं नसतं. भाच्याने हा तक्ता चांगल्या अक्षरात उतरवून काढला, लॅमिनेट केला आणि सीटच्या आतल्या बाजूला चिकटवला.

आता पाण्यावर एक तृतीयांश पेट्रोल जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक, हा होडीवाल्यांचा जुना हिशेब आम्ही पाळतो, आणि तो पाळता येतो कारण काटा दिसतो. कॉक नेहमी ऑनवर असतो. निघण्याआधी तो बघायचं काम भाच्याने स्वतःकडे घेतलंय. परवा पाण्याच्या मध्यावर लाटा होत्या, काटा थोडा डुलत होता. पाऊणपाशी आला, तिथे थांबला, आणि मग एक पायरी खाली उतरला. मागून खांद्यावर थाप पडली. "मामा, अडतीस." आम्ही वळलो.